पळीभर पाणी

आमच्या डोंबिवलीच्या घराला उत्तरेकडे तोंड असलेली एक खिडकी आहे. गेल्या तीन वर्षांत त्या खिडकीत अकरा झाडांनी देह ठेवला. त्यांतल्या एकालाही पाणी कमी पडलेले नव्हते, हे मी रिकाम्या कुंडीवर हात ठेवून सांगू शकतो.

घरात माणसे चार आणि झाड एक, हे त्याचे मूळ कारण. सकाळी पूजा आटोपली की आई तांब्यातले उरलेले पाणी मनीप्लांटला घालते, कारण ते मोरीत ओतणे तिच्या जिवावर येते. डब्याच्या गडबडीत बायको तांदूळ धुतलेले पाणी घालते, कारण ते पौष्टिक असते. मुलगी शाळेतून आल्यावर आपली बाटली कुंडीत रिकामी करते, कारण बाटली भरलेली परत आणली तर बोलणी बसतात. रात्री कामावरून आल्यावर मला ते झाड माना टाकून उभे असलेले दिसते आणि ‘या घरात माझ्याशिवाय कोणाला कशाचे काही पडलेले नाही’ असे पुटपुटत मीही एक भांडे ओततो.

यातली खरी गोम अशी की, पाणी जास्त झालेले झाड आणि तहानलेले झाड दिसायला सारखेच असते. मातीतल्या पोकळ्यांत पाणी भरले की हवेला जागा उरत नाही, मुळे गुदमरून कुजतात, आणि कुजलेल्या मुळांना पाणी वर चढवता येत नसल्यामुळे झाड गळ्यापर्यंत पाण्यात उभे राहून कोमेजते. ते पाहून घरातल्या चारही कनवाळू जिवांना पाझर फुटतो.

यावर उपाय म्हणून आम्ही कलेचा आश्रय घेतला. टवके उडालेल्या कपांना मुलीने रंग दिले आणि त्यांत पुदिना लावला. पण कपाला तळाशी भोक नसते, त्यामुळे आठवड्याभरात खिडकीत पुदिन्याचे सहा काढे तयार झाले. सातव्या कपाला भोक पाडायला गेलो तेव्हा त्याचे दोन तुकडे झाले, आणि पाण्याचा निचरा प्रथमच उत्तम झाला. मग कोणीतरी सांगितले म्हणून कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, 5 किलोची वीट आणून न्हाणीघरात भिजत घातली. ही वीट भिजली की फुगून साठ-सत्तर लिटर होते, हे विकणाऱ्याने सांगितले नव्हते. तिने आधी बादली व्यापली, मग टब, मग कपडे भिजवायचे घमेले. त्या रविवारी आमच्याकडे कोणाचीही आंघोळ झाली नाही.

अशा अवस्थेत मला नथॅनियल वॉर्ड भेटले, अर्थात वाचनात. लंडनच्या या डॉक्टरांनी 1829 साली एका पतंगाचा कोश ओलसर मातीत ठेवून बाटली झाकणाने बंद केली. पतंगाचे राहू द्या, त्या मातीत नेचा, म्हणजे फर्न, उगवला. दिवसा पाण्याची वाफ काचेवर धरायची आणि थेंब होऊन पुन्हा मातीत उतरायची, त्यामुळे बाटलीतली रोपे बाहेरून थेंबभर पाणी न घालता जवळजवळ चार वर्षे जगली. पुढे याच तत्त्वावरच्या काचपेट्यांतून चीनमधली चहाची हजारो रोपे हिमालयाच्या पायथ्याशी आणली गेली. वॉर्ड यांच्या त्या पहिल्या रोपांचा अंत मात्र झाकण गंजून आत पावसाचे पाणी शिरल्यामुळे झाला. हे वाचल्यापासून मला वॉर्डसाहेब आमच्या घरातलेच वाटू लागले.

जिला पाणी घालायचेच नसते अशी बाग! मी आईची लोणच्याची काचेची बरणी मागितली. “त्यात कैरी घालतात, कचरा नव्हे,” असे म्हणून तिने ती दिली. तळाशी खडे, त्यावर इस्त्रीवाल्याकडून आणलेल्या कोळशाचा चुरा, त्यावर माती, आणि सर्वांत वर सोसायटीच्या भिंतीवरून उलथन्याने अलगद खरवडलेले शेवाळ, असे थर मी रचले. ड्रेनेजच्या पाइपाजवळ उगवलेला बोटभर नेचा चिमट्याने धरून मधोमध बसवला. दोनदा धुऊनही बरणीला हिंगाचा वास येत होता. नेच्याने त्याबद्दल तक्रार केली नाही. मग झाकण लावून त्याभोवती चिकटपट्टी गुंडाळली आणि वर लिहिले : ‘उघडू नये.’

पहिले चौदा दिवस स्वर्गीय होते. सकाळी काच धुक्याने भरायची आणि दुपारपर्यंत एकेक थेंब वाट काढत खाली उतरायचा. मातीबरोबर आलेली दोन चिलटेही आत सुखाने नांदत होती. घरात मात्र अस्वस्थता वाढत होती. “अहो, श्वास तरी घेता येत असेल का त्याला?” असे बायको रोज विचारी. आई नुसती बरणीकडे पाही आणि मान हलवी.

पंधराव्या दिवशी झाकण सैल आढळले आणि खड्यांच्या वर बोटभर पाणी साचलेले दिसले. चौकशी बसली. आईने लगेच कबुली दिली. “अरे, एकादशी होती. मुकं बिचारं, कोंडून घातलेलं. पळीभर तीर्थ घातलं फक्त.” बायकोने फक्त अर्धी वाटी घातली होती. मुलीने बाटलीच्या टोपणाने घातले होते, आणि टोपण मोजणीत धरायचे नसते असे तिचे म्हणणे पडले. मी तिघींनाही वॉर्डसाहेबांची कथा पुन्हा एकदा, आवाज चढवून, पहिल्यापासून सांगितली. त्या खाली मान घालून ऐकत होत्या, ‘झाकण आधीच उघडं होतं’ एवढेच आई मधूनमधून म्हणत होती.

ते खरे होते. आदल्या रात्री काचेवर धुके जरा कमी वाटले, म्हणून चिकटपट्टी मीच सोडवली होती.