‘घरी पडली’ असं सांगू नका

खूप दिवस लिहू की नको चाललं होतं, कारण लेकीच्या मोडलेल्या हाताचं आमचं मॅटर अजून चालू आहे आणि वकील काकांनी बजावून ठेवलंय की जागेचं नाव कुठेही टाकायचं नाही, त्यामुळे कमेंटमध्ये नाव विचारू नका प्लीज. पण परवा सोसायटीच्या ग्रुपवर एका ताईंनी टाकलं की त्यांचा मुलगा क्लासच्या जिन्यावरून पडला, रेलिंगच हातात आलं, हनुवटीला सहा टाके. खाली लगेच हात जोडलेल्या इमोजींची रांग आणि "थोडक्यात निभावलं, जाऊ द्या आता". ते "जाऊ द्या" वाचलं आणि राहवेना.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. घोडबंदर रोडला एक ट्रॅम्पोलिनवालं गेम झोन आहे, तिथे लेकीच्या मैत्रिणीचा बर्थडे. लेक तेव्हा सात वर्षांची. आत जायच्या आधी काउंटरवर टॅब पुढे करतात, त्यावर काहीतरी चार पानी इंग्लिश, आणि खाली बोटाने सही. मागे लाइन लागलेली, पोरं ओढतायत, कोण वाचतंय, मी पण केली. स्प्रिंगांच्या वर जी फोमची गादी असते ती एका कोपऱ्यात फाटलेली होती आणि त्यावर खाकी पॅकिंग टेप मारलेली, आपण कुरियरच्या खोक्याला मारतो ना तीच. टेपचं एक टोक सुटून गुंडाळी झालेलं आणि त्याला केस, धूळ, कुणाच्या तरी मोज्याचा धागा चिकटलेला, म्हणजे ती काही आदल्या रात्री मारलेली टेप नव्हती. तिथेच तिचा पाय आत गेला आणि ती हातावर पडली. ओरडली पण नाही. मी वळून बघितलं तर नुसती बसली होती, डावा हात मांडीवर ठेवून, आणि तो हात कोपरातून भलत्याच बाजूला वळलेला.

आणि हो, मी फोनवर होते. सासूबाईंपासून ऑफिसातल्या मॅडमपर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय, तू कुठे होतीस. जाळीच्या बाहेर उभी होते, केक कधी येतोय विचारत होते. आत आईबापांना सोडतच नाहीत, आत त्यांचा माणूस असतो शिट्टी घेऊन, त्याचेच तर पैसे घेतात.

तर कॅज्युअल्टीत पोचलो. मोठे दीर आमच्या आधी पोचलेले. ज्युनियर डॉक्टरने विचारलं कसं लागलं, आणि मी तोंड उघडायच्या आत भाऊजी म्हणाले, "घरी पडली, सोफ्यावरून." मला कोपऱ्यात घेऊन हळूच सांगितलं की अगं बाहेर लागलं म्हटलं की एमएलसी करतात, पोलीस येतात, पोरीला चौकशीला बोलावतील, ट्रीटमेंट लांबेल. चांगल्या मनाने केलं त्यांनी, भाऊजींवर माझा राग नाही. आपल्याकडे प्रत्येक घरात असा एक माणूस असतोच ज्याला पोलीस म्हटलं की आधी लपवायचं सुचतं. पण केस पेपरवर पहिल्याच ओळीत छापलं गेलं, घरी सोफ्यावरून पडून इजा. ती एक ओळ पुढे आम्हाला किती नडली ते आम्हालाच माहीत. समोरच्यांच्या वकिलाने पहिल्या उत्तरातच तो कागद जोडलाय.

एमएलसी म्हणजे काय तर हॉस्पिटल पोलिसांना कळवतं आणि नोंद होते, बास. त्याने उपचार थांबत नाहीत. आम्ही चौथ्या दिवशी हॉस्पिटलला लेखी अर्ज दिला की खरी हकीकत अशी आहे, मग त्यांनी तारीख टाकून खाली वेगळी नोट लिहिली, आधीची ओळ खोडली नाही, खोडतही नाहीत. म्हणून सांगते, पहिल्या तासात जे खरं असेल तेच सांगा.

ऑपरेशन झालं, दोन वायरी घातल्या. डॉक्टर नंतर म्हणाले की आत्ता छान जुळेल पण फ्रॅक्चर ग्रोथ प्लेटजवळ आहे, हाड वाढतं तिथे, त्यामुळे पुढची काही वर्षं बघत राहायचं, हात वाकडा वाढतोय का, पूर्ण सरळ होतोय का. पुढची काही वर्षं! आणि तिसऱ्याच दिवशी गेम झोनचा मॅनेजर वॉर्डात हजर, चॉकलेटचा डबा, "ताई, माणुसकी म्हणून" असं म्हणत पंधरा हजारांचं पाकीट आणि दोन पानांचा कागद. पूर्ण व अंतिम समझोता, यापुढे कोणताही दावा करणार नाही. नवऱ्याने पेन हातात घेतलं होतं. खोटं कशाला बोलू, मेडिक्लेमने बरंच कापलेलं, तेव्हा पंधरा हजार लहान वाटत नव्हते.

नशीब की आमच्या विंगमधले वकील काका बघायला आलेले. काका ठाणे कोर्टात तीस वर्षं आहेत, फार बोलत नाहीत. कागद वाचला, चष्मा काढला आणि नवऱ्याला एवढंच विचारलं, "हात कुणाचा मोडलाय रे?"

तिथे माझ्या डोक्यात लख्ख पडलं. हात तिचा मोडला, भरपाईचा हक्क तिचा. आपण काय समजतो की मूल आपलं म्हणजे त्याच्या बाबतीत माफ करणं पण आपल्या हातात. पैसे कोण खर्च करतं, आईबाप, म्हणून भरपाई पण त्यांचीच. तसं नाहीये. दिवाणी दावा मुलाच्या नावाने असतो, आई किंवा वडील फक्त त्याचे वादमित्र म्हणून उभे राहतात, हा कायद्यातला शब्द आहे आणि मला तो फार आवडला. आणि एकदा दावा दाखल झाला की वादमित्राला कोर्टाच्या परवानगीशिवाय तडजोड करता येत नाही, मुलाच्या वतीने पैसे घ्यायलाही कोर्टाची परवानगी लागते, बऱ्याचदा कोर्ट ती रक्कम मूल अठराचं होईपर्यंत बँकेत एफडीत ठेवायला लावतं. म्हणजे कायद्याने आधीच ओळखलंय की आईबाप थकतात, घाबरतात, चॉकलेटच्या डब्यावर सही करतात. दाव्याच्या आधी जी सही करता ती मात्र पुढे तुमच्याच डोक्यावर आपटतात, मग बसा भांडत ती चालते की नाही. टॅबवर बोटाने केलेल्या सहीचंही तेच, ते आत्ता तीच नाचवतायत, आमचं म्हणणं असं की अज्ञान, म्हणजे अठराखालच्या, मुलाचा करार मुळात कायद्याने होतच नाही, आणि मी उडी मारायची जोखीम घेतली असेल, टेप मारलेल्या गादीची नाही. बघू कोर्ट काय म्हणतं.

अजून एक, जे मला माहीतच नव्हतं. नुकसानीच्या साध्या दिवाणी दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत, पण मूल अज्ञान असेल तर मुदत कायद्याच्या कलम ६ प्रमाणे ती अठरा पूर्ण झाल्यावर सुरू होते. म्हणजे माझी लेक एकवीस वर्षांची होईपर्यंत स्वतःच्या हातासाठी स्वतः दावा लावू शकते. आणि ते बरोबरच आहे ना, ग्रोथ प्लेटचं खरं नुकसान तेव्हाच कळणार. ते पंधरा हजार घेतले असते तर चौदाव्या वर्षी हात वाकडा निघाल्यावर तिला काय सांगणार होतो आम्ही?

पण या भरवशावर झोपून राहू नका, कारण बाकीच्या ठिकाणच्या मुदती फार छोट्या आहेत. ग्राहक आयोगात दोन वर्षं. मोटार अपघाताचा दावा २०२२ पासून सहा महिन्यांत लावायचा. महापालिकेच्या विरोधात आधी एक महिन्याची लेखी नोटीस आणि दावा सहा महिन्यांच्या आत, सरकारी खात्याला दोन महिन्यांची नोटीस. काका म्हणतात यातल्या काही ठिकाणी उशीर माफ होतो पण माफी मागायला जायचंच कशाला.

आम्ही ग्राहक आयोगात गेलो. तिकीट काढलंय म्हणजे सेवा घेतलीय, सेवेत त्रुटी आहे, सरळ. गंमत म्हणजे कुठल्या आयोगात जायचं आणि फी किती हे २०१९ च्या कायद्यात तुम्ही दिलेल्या पैशांवर ठरतं, मागितलेल्या भरपाईवर नाही, आणि पाच लाखांपर्यंत फी शून्य. आम्ही दिलेले मोज्यांसकट बाराशे रुपये. शिवाय तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस दिल्लीला असो नाहीतर बंगलोरला. ऑनलाइन ई-जागृती पोर्टलवर होते, वकील लागतोच असंही नाही. कायद्यात लिहिलंय तीन महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न करावा. हो हो. आमच्या तारखा किती झाल्या ते मोजायचं मी सोडून दिलंय.

हॉस्पिटलच्या चुकीलाही हाच रस्ता. १९९८ मध्ये सुप्रीम कोर्टात एका मुलाची केस आली होती, नर्सने चुकीचं इंजेक्शन दिलं आणि मेंदूला कायमची इजा. कोर्टाने सांगितलं की मूल पण ग्राहक आणि आईबाप पण ग्राहक, मुलाला साडेबारा लाख आणि आईबापाला वेगळे पाच लाख. डॉक्टरवर पोलीस केस मात्र वेगळी गोष्ट आहे, २००५ च्या निकालानंतर आधी दुसऱ्या स्वतंत्र डॉक्टरचं मत लागतं, उठसूट अटक होत नाही आणि होऊ पण नये.

पण शाळा असेल तर थांबा! २०२० मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने म्हटलंय की शाळा-कॉलेजं आणि त्यांचे सहल, स्विमिंग वगैरे उपक्रम ग्राहक कायद्यात बसत नाहीत, कोचिंग क्लास बसतात. म्हणजे त्या रेलिंगवाल्या ताई जाऊ शकतात, शाळेच्या स्विमिंग पूलवाले नाही, मला तरी हे अजिबात पटलेलं नाही, फी तर दोघंही घेतात. याचा अर्थ शाळा सुटते असा नाही. १९९५ ला डलहौसी पब्लिक स्कूलची पिकनिक बियास नदीवर गेली आणि १४ मुलं बुडाली, तिथे हायकोर्टाने दिलेले प्रत्येकी पाच लाख सुप्रीम कोर्टाने २००१ मध्ये कायम केले. रस्ता वेगळा, एवढंच.

पोलिसांचं सांगते. आम्हाला आधी एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, घ्या म्हणाले. काकांनी सांगून ठेवलेलं की हाड मोडलं म्हणजे कायद्याने गंभीर दुखापत, आणि निष्काळजीपणाने गंभीर दुखापत म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम १२५, तीन वर्षांपर्यंत शिक्षा, दखलपात्र, म्हणजे एफआयआरच. मी हे बोलले तेव्हा आवाज कापत होता माझा, पण घेतली. नसती घेतली तर डीसीपींना लेखी, आणि तिथेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे. कॉपी फुकट मिळते, मागून घ्या. एफआयआरने पैसे मिळत नाहीत, पण पंचनामा होतो, आणि आमच्या पंचनाम्यात ती गादी आली. नवीन कोरी! तीन दिवसांत बदललेली. सीसीटीव्ही मागितला तर म्हणे ओव्हरराइट झाला. त्याच रात्री एक ईमेल टाकला असता, की अमुक वेळचं फुटेज जपून ठेवा, तर आज असं म्हणता आलं नसतं त्यांना. ही आमची चूक, तुम्ही करू नका.

रस्त्याचं पण सांगायला हवं कारण आपल्या घोडबंदरला ते रोजचंच. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने आदेश दिलाय, खड्ड्याने किंवा उघड्या मॅनहोलने मृत्यू झाला तर सहा लाख, जखमी झालं तर पन्नास हजार ते अडीच लाख, आणि ते ठरवायला पालिका आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव अशी समिती. खड्ड्यात स्कूटर आपटून मागे बसलेलं पोर पडलं तर आपण टायरचा खर्च मोजतो आणि घरी येतो. अर्ज करा.

गाडीच्या केसमध्ये मुलांना पूर्वी कमावत नाही म्हणून चिल्लर मिळायची. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने हरियाणातल्या एका मुलीला, अपघात झाला तेव्हा ती बारा वर्षांची, ६२ लाख २७ हजार दिले, तिची कमाई कुशल कामगाराच्या किमान वेतनाने धरली आणि आयुष्यभर सांभाळणाऱ्या माणसांचा पगारही धरला.

पैसे नाहीत वकिलाला, असं म्हणू नका, बायका आणि मुलांना उत्पन्न कितीही असो सरकारी मोफत वकील मिळतो, १५१०० ला फोन लावा किंवा ठाणे कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे तिथे जा.

आता लगेच कोणीतरी लिहील की पोरं आहेत, पडणारच. पडणारच हो, माझी घराखालच्या घसरगुंडीवरून दोनदा पडलीय, मी कुणावर केस नाही केली. गुडघे फुटल्याशिवाय कोण मोठं झालंय. पण पडणं वेगळं आणि फाटकी गादी टेपने झाकून त्यावर तिकीट लावणं वेगळं.

वायरी काढल्यात, हात पूर्ण सरळ होत नाही अजून, थोडासा उरतो. फिजिओवाल्या ताई रोज भिंतीवर पेन्सिलने खूण करून घ्यायला सांगतात, आमच्या हॉलच्या भिंतीवर आता उंचीच्या खुणांशेजारी हाताच्या खुणा आहेत.

आणि एक काम आहे. त्या शनिवारी दुपारी चार ते सहाच्या स्लॉटला तिथे अजून एक बर्थडे ग्रुप होता, सगळ्या मुलांना सारखे निळे टीशर्ट, पाठीवर पिवळा डायनासोर. तुम्ही त्यातले असाल किंवा कुणी ओळखीचे असतील तर मला इनबॉक्स करा, जागा आणि तारीख तिथे सांगते. फोटोत तुमची पोरं असतील, मला पोरं नकोत, मागे डाव्या कोपऱ्यात ती खाकी टेप दिसतेय का एवढंच झूम करून बघायचंय.