लॉगआउट झालं की सर्व्हिस मरते, म्हणून रूट वापरायचा?

कोल्हापुरात उद्यमनगरातल्या वर्कशॉपपासून गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीपर्यंत, जिथे कोपऱ्यात लिनक्सचा एखादा डबा चालू असतो तिथे हा सल्ला फॉरवर्ड होऊन पोचलेलाच असतो: ‘लॉगआउट केलं की सिस्टिमडी युजरचं सगळं मारून टाकतं. म्हणून प्रोग्राम नोहप लावून चालवा, नाहीतर सरळ रूटची सर्व्हिस करा. युजर सर्व्हिस डेस्कटॉपपुरतीच असते.’ (सिस्टिमडी म्हणजे लिनक्सवर सर्व्हिस, म्हणजे मागे चालणारे प्रोग्राम, सुरू-बंद करणारी यंत्रणा; रूट म्हणजे सर्वाधिकारी युजर; युजर सर्व्हिस म्हणजे साध्या युजरच्या नावावर चालणारी सर्व्हिस.)

समजा भट्टीचं तापमान दर मिनिटाला फाइलमध्ये लिहिणारी एक पायथन स्क्रिप्ट आहे. युजरचं नाव ‘भट्टी’, युआयडी (युजरचा क्रमांक) 1001.

‘सगळं मारतं’ हे कुठून आलं ते माहीत आहे. मे 2016 मध्ये आलेल्या सिस्टिमडी 230 मध्ये ‘किलयुजरप्रोसेसेस’ (लॉगआउटला युजरच्या प्रोसेस मारायच्या का ते) मूळ सेटिंगमध्येच ‘येस’ झालं आणि टीमक्स-स्क्रीन (टर्मिनल मागे चालू ठेवणारी साधनं) वापरणाऱ्यांनी डोक्यावर हात मारला. पण डेबियन, उबुंटू, फेडोरा यांनी आपल्या पॅकेजमध्ये ते ‘नो’च ठेवलं. तिथे लॉगआउटनंतर टीमक्स जिवंत राहतं, फक्त ते सेशन ‘क्लोजिंग’ अवस्थेत लटकलेलं दिसतं.

मरते ती युजर सर्व्हिस, आणि त्याचं कारण वेगळं आहे. एसएसएचने आत आलात की त्या लॉगिनचा एक सेशन स्कोप (त्या लॉगिनमधल्या प्रोसेसचा गट) तयार होतो. शिवाय त्या युजरचा एक मॅनेजर (त्याच्यापुरता सिस्टिमडी) सुरू होतो: ‘युजर@1001.सर्व्हिस’. सेशन चार असोत की एक, मॅनेजर एकच. युजर सर्व्हिस चालतात त्या मॅनेजरखाली, सेशनखाली नाही. शेवटचं सेशन पूर्ण संपलं की 10 सेकंदांनी मॅनेजर बंद होतो आणि पोरंबाळं घेऊन जातो. घरात कोणी नाही म्हणून दिवे मालवले, एवढंच.

दिवे चालू ठेवायचे तर एक ओळ पुरते: ‘सूडो लॉगिनसीटीएल इनेबल-लिंगर भट्टी’. याने ‘/व्हार/लिब/सिस्टिमडी/लिंगर’ मध्ये युजरच्या नावाची रिकामी फाइल तयार होते. ती असेल तर मॅनेजर बूट होतानाच उठतो, लॉगिनची वाट बघत नाही. रात्री वीज गेली, पहाटे आली, तरी कोणी कारखान्यात न येता तापमान लिहिणं सुरू.

नोहप यातलं काहीच करत नाही. ते फक्त टर्मिनल बंद झाल्यावर येणारा हँगअपचा सिग्नल झटकतं. स्क्रिप्ट कोसळली तर कोसळलेली राहते, मशीन रीस्टार्ट झालं तर गायब. आणि ज्या मशीनवर ‘किलयुजरप्रोसेसेस’ खरंच ‘येस’ आहे तिथे नोहपची प्रोसेसही जाते. तिथे नुसतं लिंगर लावूनही ती वाचत नाही, कारण ती सेशन स्कोपमध्येच असते. टीमक्स टिकवायचं असेल तर लिंगरसोबत ते ‘सिस्टिमडी-रन --युजर --स्कोप टीमक्स’ असं सुरू करा.

रूट कशाला लागतो? 1024 च्या खालचा नेटवर्क पोर्ट हवा असेल तर प्रश्न समजू शकतो. सिरियल पोर्ट वाचायला डेबियन-उबुंटूवर ‘डायलआउट’ ग्रुप पुरतो. फक्त ग्रुपमध्ये नाव घातल्यावर आधीपासून चालू असलेला मॅनेजर जुनेच ग्रुप धरून बसतो. ‘युजर@1001.सर्व्हिस’ रीस्टार्ट करा, नाहीतर ‘परमिशन डिनाइड’ पाहून कोणीतरी परत रूटकडेच वळणार. सिस्टिम सर्व्हिसच हवी असेल तरी त्यात ‘युजर=भट्टी’ लिहिता येतं; सिस्टिम सर्व्हिस म्हणजे रूट असं नव्हे.

पण सिस्टिम सर्व्हिसची तीच फाइल उचलून घरच्या ‘.कॉन्फिग/सिस्टिमडी/युजर’ मध्ये टाकली की घोळ होतो. ‘युजर=’ ही ओळ तिथे राहिली तर बहुतेकदा 216/ग्रुप हा एरर येतो; ती काढा. ‘वाँटेडबाय=मल्टि-युजर.टार्गेट’ (बूटच्या कोणत्या टप्प्यावर सर्व्हिस उठवायची ते) यातलं टार्गेट युजर मॅनेजरकडे नसतंच. इनेबल होऊन जातं, बूटनंतर मात्र सर्व्हिस उठत नाही. तिथे ‘डिफॉल्ट.टार्गेट’ हवं. ‘रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर’ सोबत ‘रीस्टार्टसेक=5’ लिहाच. मूळ अंतर 100 मिलिसेकंद आहे आणि 10 सेकंदांत 5 वेळा सुरू करून झालं की सिस्टिमडी नाद सोडतं. सेन्सरची केबल मिनिटभर ढिली झाली तरी तेवढ्यात खेळ खल्लास.

मग ‘सिस्टिमसीटीएल --युजर डेमन-रीलोड’, आणि ‘इनेबल --नाऊ’.

डेस्कटॉपचं म्हणाल तर स्क्रीन नसलेल्या सर्व्हरवर रूटशिवायचे पॉडमॅन (कंटेनर चालवणारं साधन) कंटेनर याच पद्धतीने, युजर सर्व्हिस आणि लिंगर लावून चालवतात.

लोक खरे अडकतात ते ‘सु’ (दुसरा युजर बनायची कमांड) पाशी. रूटवरून ‘सु - भट्टी’ करून ‘सिस्टिमसीटीएल --युजर’ दिलं की ‘फेल्ड टु कनेक्ट टु बस’ येतं, आणि युजर सर्व्हिस बिघडली असा निष्कर्ष निघतो. बिघडलेलं काही नसतं. त्या शेलमध्ये ‘एक्सडीजी_रनटाइम_डीर’ (युजरच्या रनटाइम फोल्डरचा पत्ता) भरलेलं नसतं, म्हणून ‘/रन/युजर/1001’ मधला सॉकेट सापडत नाही. थेट ‘भट्टी’ म्हणून एसएसएचने या, किंवा 248 पासूनच्या सिस्टिमडीवर ‘सूडो सिस्टिमसीटीएल --युजर -एम भट्टी@ स्टेटस’ द्या.