ई-पुस्तकही बदलून आणता यावं

गेल्या दिवाळीत आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मामेभावाने एका नव्या मराठी कादंबरीची पीडीएफ टाकली. लेखक हयात आहे, पुस्तक दुकानात मिळतंय, आणि कुणीतरी ते पानन्‌पान स्कॅन करून फिरवलेलं. मी त्याला ती काढून टाक म्हटलं आणि चार दिवस वाद चालला. त्याचं म्हणणं, चारशे रुपयांचं पुस्तक दर महिन्याला घेणं कंत्राटी शिक्षकाच्या पगारात बसत नाही. मावशीचं म्हणणं, पडद्यावर वाचणं हे वाचणंच नव्हे, पुस्तक हातात हवं. शेवटी सगळ्यांचं मिळून मला ऐकवणं झालं: "तू बर्लिनला बसून युरोत कमावतेस, तुला हे बोलायला काय जातंय?"

हे मला लागलं. म्हणून मी गेल्या वर्षभरात काय वाचलं ते मोजलं. छत्तीस पुस्तकं. त्यातली विकत घेतलेली चार.

जर्मनीत पुस्तकं स्वस्त नाहीत. नवी पुठ्ठा बांधणीची कादंबरी चोवीस-पंचवीस युरोंना पडते, आणि सवलतीची वाट पाहण्यात अर्थ नसतो. नव्या पुस्तकाची किंमत प्रकाशक ठरवतो आणि त्याहून कमीत विकायला कायद्यानेच बंदी आहे. कोपऱ्यावरचं दुकान असो की ॲमेझॉन, किंमत एकच. २०१६पासून कायद्यात ई-पुस्तकांचाही स्पष्ट उल्लेख आहे. तरी सकाळी माझ्या रेल्वेच्या डब्यात चार-पाच जण वाचत असतात. त्यामुळे पुस्तकं महाग म्हणून वाचन होत नाही, हे मी आता पुरतं मानत नाही.

माझं वाचन चालतं ते वाचनालयामुळे. बर्लिनच्या सार्वजनिक वाचनालयांचं कार्ड वर्षाला दहा युरो, मुलांना फुकट. शहरातल्या कुठल्याही शाखेत ते चालतं आणि त्याच कार्डावर ई-पुस्तकंही मिळतात. ही ई-पुस्तकं देण्याची व्यवस्था जर्मनीत २००७पासून आहे. भारतातून आणलेल्या माझ्या वाचनयंत्रावर इथल्या वाचनालयाच्या फाइल उघडेनात, म्हणून मी जुना टोलिनो घेतला. इथल्या पुस्तकविक्रेत्यांनी २०१३ साली एकत्र येऊन बाजारात आणलेलं हे यंत्र. रात्री अकरा वाजता पुस्तक उतरवून घेते, तीन आठवड्यांनी ते आपोआप परत जातं. दंड नाही. वाचनालयाने जितक्या प्रतींचे हक्क घेतले असतील तितक्याच वाचकांना ते एका वेळी मिळतं, बाकीच्यांनी नंबर लावायचा. अगदी कागदी पुस्तकासारखंच.

मावशीला मी एवढंच सांगितलं, की मोबाइलचा पडदा आणि वाचनयंत्राचा ई-इंकचा पडदा यांत फरक आहे. ई-इंक डोळ्यांत प्रकाश फेकत नाही, भर उन्हात कागदासारखी दिसते, बॅटरी आठवडेच्या आठवडे टिकते, आणि मधेच कुणाचा मेसेज येत नाही. आईच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली तेव्हा मी सहा आठवडे सांगलीत होते. छापील पुस्तक तिला नकोसं झालं होतं. अक्षर दुप्पट करून दिलं आणि ती दुपारी दोन-दोन तास वाचत बसायला लागली. ते दिवस आठवले की कागद की पडदा हा वाद मला घालवत नाही.

इथेही सगळं आलबेल आहे असं नाही. २०२१च्या ऑक्टोबरात जर्मन लेखक-प्रकाशकांनी जाहीर मोहीम काढली, की वाचनालयं ई-पुस्तकं इतक्या स्वस्तात देतात, त्यात आमचं पोट मारलं जातं. कित्येक नवी ई-पुस्तकं प्रकाशक वर्षभर वाचनालयांना देतच नाहीत. मला लेखकांची बाजू पटते. छापील पुस्तक वाचनालयातून घरी नेलं जातं त्याबद्दल इथे १९७०च्या दशकापासून सरकार लेखकांना मोबदला देतं. ई-पुस्तकाला तो लागू नाही. तो लागू करणं हाच मार्ग आहे, वाचनालयाचा दरवाजा बंद करणं नव्हे. आपल्याकडे छापील पुस्तकांनाही असा मोबदला नाही. 'पीडीएफ चोरी आहे' असं मी म्हणते तेव्हा हेही म्हटलं पाहिजे.

मराठीची अडचण आणखी खोल आहे. किंडलवर मराठी पुस्तकं २०१६च्या डिसेंबरापासून आहेत, पण मला हवं असलेलं पुस्तक तिथे क्वचित सापडतं. आपल्या प्रकाशकांची वर्षानुवर्षांची अक्षरजुळणी श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत झाली. ती युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्राला वाचता येणाऱ्या अक्षरांत, आणताना रफार उड्या मारतात, जोडाक्षरं फुटतात, आणि सगळं पुस्तक पुन्हा तपासावं लागतं. मुद्रितशोधकाचे पैसे कोण देणार? मग पानांची पीडीएफ करून विकणं सोपं पडतं. सहा इंची यंत्रावर ती उघडली की अक्षरं मुंगीएवढी होतात. एकदा मी पैसे भरून एक मराठी ई-पुस्तक घेतलं, तर ते त्या दुकानाच्या ॲपमध्येच, म्हणजे फोनवरच, उघडत होतं. तीन प्रकरणांनंतर सोडून दिलं. त्यात भर म्हणजे छापील पुस्तकाला जीएसटी नाही, ई-पुस्तकाला आहे. २०१८ साली तो १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला, पण राहिला. जर्मनीत २०१९च्या डिसेंबरापासून दोन्हींवर सारखाच ७ टक्के कर आहे.

मामेभावाला मी कायदेशीर फुकट वाचनाची यादी पाठवली. मोफत मराठी ई-पुस्तकं देणारं ई साहित्य प्रतिष्ठान, हक्क संपलेली पुस्तकं ठेवणारं मराठी विकिस्रोत. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी भारतात हक्क संपतात, म्हणून १९५०मध्ये गेलेल्या साने गुरुजींचं लेखन २०११पासून सगळ्यांचं झालं. त्याने ते वाचलंही. मग म्हणाला, "ताई, नवं काय वाचायचं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पण उत्तर आपल्या घरात होतं. आम्ही लहानपणी पुस्तकं विकत घेऊन वाचली नाहीत. पेठेतल्या वाचनालयाची वर्गणी होती आणि दर दोन दिवसांनी कुणीतरी पुस्तक बदलून आणायचं. दिवाळी अंक योजनेत एकदाच पैसे भरले की मार्चपर्यंत घरात अंक फिरत असायचे. नाशिकहून २००९मध्ये सुरू झालेल्या 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रमाच्या पुस्तकांच्या पेट्या तर परदेशातही पोचल्या. महाराष्ट्रात १९६७पासून ग्रंथालयांचा कायदा आहे, अ-ब-क-ड वर्गवार अनुदान आहे. बदलून आणण्याची सवय आपल्यात इतकी मुरलेली असताना ई-पुस्तकाच्या बाबतीत मात्र दोनच वाटा ठेवल्यात: विकत घे नाहीतर चोर.

अभिजात दर्जा मिळाल्यापासून मराठीसाठी काय करायचं यावर खूप बोललं जातंय. माझं मागणं साधं आहे. आजच्या लेखकांची पाचशे पुस्तकं निवडा, युनिकोडमध्ये नीट तपासून घ्या, प्रकाशकाला आणि लेखकाला दर वाचनामागे पैसे द्या, आणि अनुदानित वाचनालयाच्या कुठल्याही सभासदाला ती कुठल्याही यंत्रावर तीन आठवड्यांसाठी मिळू द्या.

पाचव्या दिवशी मामेभावाने पीडीएफ काढून टाकली. जानेवारीत सांगलीला जाताना मी टोलिनो सोबत नेणार आहे. पेठेतलं वाचनालय अजून संध्याकाळी पाच ते आठ उघडं असतं. तिथल्या ग्रंथपालबाईंच्या हातात ते यंत्र द्यायचं, आईसाठी केलं होतं तेवढं अक्षर मोठं करून, आणि विचारायचं, की असं पुस्तक सभासदांना द्यायचं तर वर्गणी किती ठेवाल.