निगेटिव्हसाठी दोन सॉफ्टवेअर कशाला?

कोल्हापुरातल्या फोटोग्राफर मंडळींच्या ग्रुपांवर एक सल्ला सारखा पुढे ढकलला जातोय: "कलर निगेटिव्ह कॅमेऱ्यानं टिपा, कर्व्ह उलटा करा, नारिंगी झाक ऑटो कलरनं काढा, टिफ फाइल बनवा आणि मगच दुसऱ्या सॉफ्टवेअरात एडिट करा. ओपन सोर्समध्ये सगळं एकत्र केलं की रंग बिघडतात." वडिलांनी जोतिबाच्या चैत्र यात्रेत काढलेले रोल मी आधी याच पद्धतीनं केले. त्यामुळे हे लिहिणं भाग आहे.

पहिलं, कर्व्ह. कर्व्ह, म्हणजे फोटोतला उजेड-अंधार ठरवणारी रेषा, उलटा करणं ही वजाबाकी झाली, आणि इथे लागतो भागाकार. फिल्मची घनता, म्हणजे तिचा गडदपणा, 0.3 नं वाढली की आरपार येणारा प्रकाश निम्मा होतो. कलर निगेटिव्हचा नारिंगी थर लाल, हिरवा, निळा प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात अडवतो. म्हणून दोन फ्रेमांमधल्या कोऱ्या पट्टीचा रंग मोजून त्यानं प्रत्येक चॅनल भागावा लागतो. डार्कटेबल या ओपन सोर्स सॉफ्टवेअरमधलं नेगाडॉक्टर हे निगेटिव्हचा पॉझिटिव्ह करणारं मॉड्यूल 2020 पासून याच तत्त्वावर चालतं. रॉथेरपी या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरात फिल्म निगेटिव्हची सोय त्याच्याही आधी, 2019 मध्ये आली. ती पट्टी मोजण्याआधी क्रॉप करून टाकू नका.

ऑटो कलरनं तर माझा गुलालच खाल्ला. अख्खी फ्रेम गुलाबी, सासनकाठ्या गुलाबी, माणसं गुलाबी. सॉफ्टवेअरला ती झाक वाटली. गुलालाखालचे सदरे राखाडी आणि चेहरे हिरवट झाले. हे पाहून वडील गप्पच बसले. शेवटी त्याच रोलवरच्या, गुलाल न उडालेल्या फ्रेममधून पांढरा घेतला आणि तेच आकडे यात्रेच्या फ्रेमांना लावले. यात्रा परत गुलाबी झाली.

एकत्र केल्यानं रंग बिघडतात, ही तक्रार मात्र खोटी नाही. कारण वेगळं आहे. नेगाडॉक्टर स्वतःच प्रिंटच्या कागदासारखा टोन बसवतं. त्यावर फिल्मिक किंवा सिग्मॉइड हे टोन बसवणारं दुसरं मॉड्यूल चालू राहिलं, तर टोन दोनदा बसतो. ते बंद करा. दुसरं असं, की डार्कटेबल ज्या क्रमानं मॉड्यूल लावतं त्यात एक्स्पोजर नेगाडॉक्टरच्या आधी येतं. ते वाढवलं की फोटो उजळायच्या ऐवजी काळवंडतो, कारण तुम्ही निगेटिव्हलाच जास्त प्रकाश देताय. उजेड नेगाडॉक्टरच्या प्रिंटच्या भागात वाढवा. पुढचं कलर बॅलन्स, मास्क नेहमीसारखं चालतं.

आणि टिफ? 24 मेगापिक्सेलची 16 बिट टिफ साधारण 144 एमबी, म्हणजे 36 फ्रेमांचा रोल पाच जीबीच्या वर. शिवाय टिफ झाल्यावर पट्टीचं मोजमाप चुकलंय असं कळलं, तर पुढचं सगळं एडिटिंग वाया जातं. एकाच ठिकाणी काम असेल तर रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची मूळ फाइल, तशीच राहते. मोजमाप दुरुस्त केलं की पुढचे बदल त्यावर आपोआप बसतात. माझ्या तिसऱ्या रोलला हेच झालं: एका फ्रेमवर पट्टी पुन्हा मोजली, ती दुरुस्ती बाकीच्या 35 वर पेस्ट केली, आणि त्यांचं एडिटिंग जागच्या जागी राहिलं.