ॲबोरिजिनल मुलांचे कान आणि ‘फुकट यंत्रा’चा दावा

ऑस्ट्रेलियातल्या ॲबोरिजिनल, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांबद्दल, एक दावा सारखा फिरतो: ‘ॲबोरिजिनल बाळांची जन्मताच श्रवणचाचणी होते, कानयंत्र सरकार फुकट देतं, तरी मुलं शाळेत मागे, कारण आईबापांना पर्वा नाही.’ चाचणी होते आणि यंत्र मिळतं, हे खरं. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आणि अन्यायाचा आहे.

‘जन्मताच चाचणी होते.’ ती जन्मजात बहिरेपण पकडते. या मुलांचं ऐकणं बहुतांशी मधल्या कानाच्या संसर्गामुळे कमी होतं, आणि दुर्गम वस्त्यांत तो पहिल्या काही महिन्यांतच सुरू होतो. म्हणूनच २०१९ पासून ‘हिअरिंग ऑस्ट्रेलिया’ ही सरकारी संस्था अजून पूर्णवेळ शाळेत न जाणाऱ्या या मुलांचे कान मोफत तपासते.

‘आईबाप लक्ष देत नाहीत.’ कान ठणकला तर कुणीही दवाखाना गाठेल. इथे पुष्कळदा दुखतच नाही. कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं. हाकेला मूल वळतं, पण ‘स’, ‘फ’सारखे हलके आवाज निसटतात, तेही कधी जास्त, कधी कमी. घरी हे कळणार कसं? नुसतं कानात डोकावूनही भागत नाही, टिम्पॅनोमेट्री, म्हणजे कानाचा पडदा किती हलतो हे मोजणारी चाचणी, लागते. तिचा आलेख सपाट आणि कानाच्या नळीचं आकारमान नेहमीएवढं, तर बहुधा पडद्यामागे पाणी. आकारमान फार मोठं आलं तर पडद्याला भोक असू शकतं. फारच कमी आलं तर मळ तरी असतो, नाहीतर चाचणीच्या यंत्राचं टोक नळीच्या भिंतीला टेकलेलं असतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार मुलांमध्ये दीर्घकाळ कान वाहण्याचं प्रमाण ४ टक्क्यांवर गेलं की ती तातडीची सार्वजनिक आरोग्य समस्या ठरते. अनेक दुर्गम वस्त्या त्याच्या कितीतरी पुढे आहेत. एवढ्या आजाराचं खापर एकेका आईवर फोडता येत नाही. गर्दीची घरं आणि दूरचे दवाखाने पाहावे लागतात.

‘यंत्र फुकट आहे.’ आहे, २६ वर्षांखालच्यांना. पण वाहत्या कानात यंत्राचा, कानाच्या मापाचा साचा बसवला की हवा कोंडते आणि कान आणखी वाहतो. अशा मुलाला डोक्याच्या पट्ट्यावरचं, हाडातून आवाज पोचवणारं यंत्र लागतं. शिवाय कान कोरडा करायचा असतो: टिश्यूपेपरची टोकदार वात वळून हलकेच आत सरकवायची, २०-३० सेकंदांनी काढायची, वात कोरडी निघेपर्यंत नवी घालत राहायची. मगच सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाचे थेंब. पुवावर टाकलेलं औषध आत पोचत नाही. थेंबांनंतर कानाच्या तोंडाजवळचा कूर्चेचा उंचवटा काही वेळा दाबायचा. हे दिवसातून दोन-चारदा, कित्येक आठवडे.

‘एनडीआयएस आहेच की.’ अपंगांसाठीच्या त्या राष्ट्रीय विमा योजनेची मुख्य अट अपंगत्व कायमचं असण्याची. महिन्यागणिक बदलणारं ऐकणं तिच्यात सहजी बसत नाही.

मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्यातली, मूळ रहिवाशांसाठीची ७१५ क्रमांकाची आरोग्य तपासणी दर नऊ महिन्यांनी करता येते. तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्यांनी तेव्हा टिम्पॅनोमेट्री करून घ्यावी आणि दोन्ही कानांत पाणी तीन महिने टिकलं तर श्रवणचाचणीला पाठवावं. कानाचे तज्ज्ञ अशा वस्त्यांत वर्षातून मोजक्याच वेळा येतात. एक फेरी हुकली की मुलाचे कित्येक महिने जातात.