फक्त तलवार?

सकाळपासून डोकं तापलंय. बहिणीचा पोरगा एमपीएससीची तयारी करतो. अभ्यासिकेत जायच्या आधी आमच्या ओट्यावर बसून इटलीचं एकीकरण घोकत होता, "मॅझिनी आत्मा, काव्हूर मेंदू, गॅरिबाल्डी तलवार." मी म्हटलं, पुढे? "पुढे काही नाही मावशी, एवढंच विचारून राहिले."

एवढंच? अख्खं आयुष्य उधळून दिलेल्या माणसाचं एका शब्दात काम तमाम? तलवार म्हणजे काय, लढाई झाली की म्यानात घालायची आणि विसरायची!

तलवारीला गाव नसतं. गॅरिबाल्डीला होतं. नीस. १८०७ साली तिथे जन्मला, दर्यावर्दी घरातला पोरगा. मार्च १८६० मध्ये काव्हूरने, म्हणजे उत्तरेतल्या पिडमाँट-सार्डिनिया राज्याच्या पंतप्रधानाने, सौदा केला आणि नीस फ्रान्सला देऊन टाकलं. आपलं गाव गेलं हे माहीत असताना हा माणूस मे महिन्यात दोन जहाजं, हजारेक स्वयंसेवक आणि जुनाट बंदुका घेऊन सिसिलीला मार्सालाच्या किनाऱ्यावर उतरला. आणि नाव कुणाचं घेऊन? ज्या राजाच्या राज्यातून नीस गेलं, त्याच पिडमाँटच्या व्हिक्टर इमॅन्युएलचं.

मला इथे बाबा आठवतात. आमचं लेआउट मंजूर नव्हतं तेव्हाची गोष्ट. प्लॉटवाल्यांचे तीन गट, एकमेकांचं तोंड पाहत नव्हते. बाबा ड्युटीवरून आले की सायकल काढून घरोघर. रजिस्ट्रीचे कागद गोळा करा, सह्या घ्या, कचेरीत खेटे घाला. सात वर्षं! शेवटी तिन्ही गट एका अर्जावर आले, मंजुरी मिळाली, डांबरी रस्ता आला. आणि आमच्या घराच्या दोन प्लॉट अलीकडे थांबला. आमची ओळ नकाशाबाहेर. उद्घाटनाला भलतेच लोक मंचावर, बाबा मांडवात मागच्या रांगेत. मी दहावीत होते, भांडायलाच निघाले होते. बाबा म्हणाले, "रस्ता झाला ना? बस."

गॅरिबाल्डी ७ सप्टेंबरला नेपल्समध्ये शिरला. सिसिली आणि नेपल्सचं, दक्षिणेचं जवळजवळ अख्खं राज्य त्याच्या मुठीत होतं. २६ ऑक्टोबरला तेआनोजवळ राजा व्हिक्टर इमॅन्युएल भेटला आणि याने सगळं त्याच्या हवाली केलं. पैसा नको, जहागीर नको. बियाण्याचं पोतं घेऊन काप्रेरा बेटावरच्या आपल्या घरी निघून गेला. आज कुणी साध्या सोसायटीचं अध्यक्षपद तरी असं सोडतं का?

हो, माहीत आहे. वर्षभर दक्षिणेचा कारभार आपल्याकडे राहू द्या असं त्याने मागितलं होतं, राजाने नाकारलं. सिसिलीतल्या ब्रोंतेच्या गावकऱ्यांना त्याच्याच सेनानीने गोळ्या घातल्या, तेही खरं. झाकत नाही.

पण १८४९ आठवा. तो लढवत असलेलं रोमचं प्रजासत्ताक पडलं होतं, ऑस्ट्रियाचे शिपाई मागावर होते आणि त्याची गरोदर बायको अनिता रावेन्नाजवळ एका शेतघरात त्याच्यासमोर गेली. जिने दक्षिण अमेरिकेपासून घोड्यावर त्याची सोबत केली, तिला माती द्यायलाही त्याला थांबता आलं नाही. लिहिताना हात थांबतोय माझा. १८६२ मध्ये पोपच्या ताब्यातलं रोम घ्यायला निघाला, तर दक्षिणेतल्या अस्प्रोमोंतेच्या डोंगरात पायात गोळी घातली ती कुणी? इटलीच्याच सैन्याने! ज्या राजाला राज्य दिलं त्याच्या सैन्याने!

बाबांना काहीच वाटलं नसेल असं मी कितीतरी वर्षं समजत होते. मग एका पावसाळ्यात आईला दवाखान्यात न्यायचं होतं. चिखलात ऑटो आत यायला तयार नाही. बाबांनी आणि शेजारच्या काकांनी तिला खुर्चीवर बसवून डांबरापर्यंत उचलून नेलं. परत आल्यावर पाय धुता धुता बाबा एवढंच बोलले, "आपल्याच लेआउटमध्ये परके झालो."

१८६१ मध्ये तुरिनच्या संसदेत गॅरिबाल्डी काव्हूरवर अगदी हेच बोलून कडाडला होता, की या माणसाने मला इटलीतच परका केलं. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून अंगणात जाऊन बसले होते. तिथे बाबांनी लावलेला सांभार, म्हणजे कोथिंबीर, होता.

आमच्या दारापर्यंत सिमेंटचा रस्ता आला, बाबा गेल्यावर तीन वर्षांनी. नीस अजून फ्रान्समध्येच आहे. पोरगा संध्याकाळी अभ्यासिकेतून आला की आधी त्याला ते नकाशात शोधायला लावणार आहे, मग जेवायला वाढीन.