प्रतिष्ठित दिसू नका

न्यू जर्सीतला तुमचा मावसभाऊ जूरी ड्यूटीचं पत्र आलं म्हणून फॅमिली ग्रुपवर रडायला लागला, तर त्याची कीव करू नका. त्याला तिथे बसायला खुर्ची मिळते आणि त्याच्याकडे कोणी संशयाने बघत नाही.

आपल्याकडेही जूरी होती, म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवायला कोर्टात बसवलेली सामान्य माणसं. १९५९ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयात नौदलाचे कमांडर नानावटी यांच्यावर बायकोच्या प्रियकराच्या खुनाचा खटला चालला, नऊपैकी आठ जणांनी कमांडरसाहेबांना निर्दोष ठरवलं, न्यायाधीशांना ते पटलं नाही आणि प्रकरण हायकोर्टात जाऊन जन्मठेप झाली. पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत जूरीला जागाच उरली नाही. पण म्हणून सामान्य माणूस कोर्टातून सुटला, असं समजू नका. आपल्यासाठी पंच हे पद शाबूत आहे, म्हणजे पोलिसांच्या झडतीला साक्षीदार म्हणून उभं राहून सही करणारा.

झडती घेताना त्याच भागातले दोन किंवा अधिक 'स्वतंत्र व प्रतिष्ठित रहिवासी' हजर हवेत, असं कायदा सांगतो. तेव्हा पहिली खबरदारी म्हणजे प्रतिष्ठित दिसू नका. इस्त्रीचा शर्ट घालून सकाळी दूध आणायला जाऊ नका. चौकात पोलिसांची गाडी उभी दिसली की चालण्याचा वेग तोच ठेवा, वाढवलात तर तुम्ही पंच न होता आरोपी व्हाल. 'साहेब, दोन मिनिटांचं काम आहे, फक्त सही करायची' असं कोणी म्हणालं, तर ती दोन मिनिटं पाच-सात वर्षं पुरतात हे लक्षात असू द्या. लेखी हुकूम हातात दिल्यावर सबळ कारणाशिवाय नकार देणं हाही गुन्हाच आहे, म्हणून कागद निघण्याआधीच गल्ली बदललेली बरी. सरकारी नोकरीत असाल तर मात्र पळण्यात अर्थ नाही. लाचलुचपतवाल्यांना सापळ्यासाठी सरकारी पंच लागतात आणि ऑफिसात सगळ्यात कमी काम कोणाला आहे, हे तुमच्या साहेबांना पाठ असतं.

सही केलीत? ठीक. पाकिटावर लाखेचं सील लागलं, लेबलावर तुमचं नाव आलं. १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे झडतीचं चित्रीकरणही करायचं असतं, म्हणजे कपाटाच्या शेजारी तोंड पाडून उभे असलेले तुम्ही कायमचे नोंदले गेलात. आता सगळं विसरून जा. विसरून झालं की समन्स येईल.

समन्स घेऊन पोलीस शिपाई येतो तो दुपारी, सोसायटीतल्या यच्चयावत बायका खाली भाजी घेत असताना. तो मोठ्याने तुमचं नाव विचारतो. तुम्ही फक्त साक्षीदार आहात, हे कोणाला समजावायला जाऊ नका. जितकं समजावाल तितका गुन्हा मोठा होत जातो.

अकराला कोर्टात पोचा. घरून पाणी न्या, डबा न्या आणि भिंतीला टेकून उभं राहण्याचा सराव आदल्या आठवड्यातच सुरू करा. साक्षीदाराला पट्टेवाला बाहेर ढकलतो, दिवसभर ताटकळल्यावर त्याला पुढची तारीख कळते, बसायला जागा नाही आणि प्यायला पाणी नाही, ही तक्रार माझी नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्वरण सिंग खटल्याच्या निकालात हेच नोंदवलं आहे. तेव्हा पाय दुखायला लागले की सर्वोच्च न्यायालय आपल्या बाजूचं आहे, हे आठवून दुसऱ्या पायावर भार द्यावा.

साक्षीदार हजर असताना खास कारणाशिवाय तहकुबी देऊ नये, असंही कायद्यात आहे. कारणं खासच असतात. आरोपीला तुरुंगातून आणायला गार्ड मिळाले नाहीत. वकीलसाहेब वरच्या मजल्यावर दुसऱ्या कोर्टात अडकलेत. मुद्देमाल आणायचा राहिला. न्यायाधीश ट्रेनिंगला गेलेत. अर्थात तुम्ही एकदा गेला नाहीत, तर वॉरंट निघतं. गैरहजेरीत खास असं कारण फक्त तुमच्याकडे नसतं. प्रवासखर्च मिळतो म्हणतात, तो मागण्यासाठी मात्र आणखी थोडा वेळ थांबावं लागतं आणि तोवर शेवटची एसटी गेलेली असते.

एखाद्या तारखेला खरंच पुकारा होईल. गांगरू नका. पिंजऱ्यात उभे राहा, शपथ घ्या आणि समोरचा चाकू ओळखा. सरकारी वकील गोड बोलतील. मग बचावाचे वकील उठतील. 'असे चाकू बाजारात कुठेही मिळतात?' मिळतात, नाही म्हणून कसं सांगणार? 'या चाकूवर तुमची काही खास खूण आहे?' नाही. 'पंचनामा आधीच लिहून तयार होता आणि तुम्ही ठाण्यात बसून सही केलीत?' इथे तुमचा स्वाभिमान जागा होईल, त्याला झोपवा. तुम्ही तावातावाने जे काही बोलाल, ते शेवटी 'हे म्हणणे खरे नाही की मी पोलिसांच्या सांगण्यावरून खोटी साक्ष देत आहे' अशा एका ओळीत उतरतं आणि खाली तुमचीच सही घेतात. पंचनामा किती वाजता सुरू झाला, हे नक्की सांगितलंत तर पढवलेला साक्षीदार. आठवत नाही म्हणालात तर बेभरवशाचा. आणि अगदीच काही आठवलं नाही तर फितूर, मग तुमचेच सरकारी वकील तुमची उलटतपासणी घेतात. आरोपीला गप्प बसण्याचा अधिकार आहे. तुम्ही आरोपी नाही, हीच तर अडचण आहे.

हे सगळं पार पडलं की एक फायदा आहे, तो सोडू नका. पुढच्या खटल्यात वकील पहिला प्रश्न विचारतात, 'याआधी कधी पंच होता का?' हो म्हटलंत की तुम्ही पोलिसांचे नेहमीचे पंच ठरता आणि केस ढिली होते. त्यामुळे पुन्हा गाडी थांबली की घाबरू नका. पुढे होऊन आपला पूर्वेतिहास सांगा आणि समोरच्या बिल्डिंगमधल्या रिटायर्ड बँक मॅनेजरांचा फ्लॅट नंबर द्या. ते सकाळी इस्त्रीच्या शर्टात फिरायला जातात आणि साडेसातच्या आत परत येतात.